सर, उत्तर किती यायला पाहिजे?

मुंबईत गुरुत्वीय त्वरणाची किंमत ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे. अधिक काटेकोरपणे सांगायचं तर सुमारे ९.७८६. पुणे, नागपूर, कोल्हापूर, पणजी, कुठेही मोजली तरी ती ९.७८ ते ९.७९ याच पट्ट्यात येते. याला कारण आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तावर किंचित फुगलेली आहे. त्यामुळे विषुववृत्तावर ही किंमत ९.७८० असते आणि ध्रुवावर ती ९.८३२ पर्यंत चढते. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही.

असं असताना बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या कितीतरी जर्नलांत हे उत्तर ९.८ किंवा थेट ९.८१ आलेलं दिसतं. ९.८१ ही लंडन-पॅरिसकडची किंमत आहे. पुस्तकात प्रमाण म्हणून जो ९.८०६६५ हा आकडा छापलेला असतो, तो १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवला. तो साधारण ४५ अंश अक्षांशाजवळच्या समुद्रसपाटीशी जुळतो. म्हणजे दादर किंवा सोलापूरच्या विद्यार्थ्याला आपल्या लंबकावरून ९.७८ मिळालं आणि त्याने ते खोडून ९.८१ केलं, तर त्याने बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहिलं. त्यावर बरोबरची खूण होते, जर्नल सर्टिफाय होतं आणि परीक्षेला पूर्ण गुण मिळतात.

असं का घडतं, हे प्रयोगशाळेत रोज विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून कळतं: "सर, उत्तर किती यायला पाहिजे?" उत्तर आधी कळलं की बॅक कॅल्क्युलेशन करून रीडिंग बसवता येतात. सीनियरची जर्नलं असतात, आता मोबाइलवर त्यांचे फोटोही असतात. पदार्थविज्ञानाची पदवी घेणाऱ्या मुलाने तीन किंवा चार वर्षांत काय मिळवायला हवं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. हा प्रश्न विचारण्याची गरज ज्याला उरली नाही, त्याने पदवी कमावली. आपण काढलेला आकडा कशावरून आला आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे त्याला कुणाच्याही मदतीशिवाय सांगता आलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

एका लंबकात किती शिक्षण आहे

प्रयोग अगदी साधा आहे. एक मीटर लांबीचा दोरा, खाली धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. एका दोलनाला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. वीस दोलनं मोजली की चाळीस सेकंद होतात. घड्याळ दाबणाऱ्या बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर ती अर्धा टक्का झाली. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात ती दुप्पट, म्हणजे एक टक्का. एक टक्का म्हणजे जवळपास ०.१. तेव्हा या प्रयोगाचं प्रामाणिक उत्तर आहे '९.८, ०.१ इकडे किंवा तिकडे'. या मापनाला ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक दिसूच शकत नाही. कॅल्क्युलेटरवर दिसलेले दशांश चिन्हापुढचे सहा आकडे जर्नलात उतरवण्याला काही अर्थ नाही, हे इथे पहिल्यांदा कळायला हवं.

खरा अभ्यास इथून सुरू होतो. हा फरक बघायचाच असेल तर काय करावं लागेल? वीसऐवजी शंभर दोलनं मोजायची. बोटाची चूक तेवढीच राहते, पण ती आता दोनशे सेकंदांवर पसरते आणि उत्तरातली अनिश्चितता ०.०२ वर येते. हेच मापन चार वेळा केलं तर सरासरीतली ही चूक निम्मी होते. मग लांबीकडे वळायचं. गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर उत्तर ०.०१ ने हलतं. म्हणजे आता फूटपट्टीही घड्याळाइतकीच महत्त्वाची झाली.

यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. लंबक दहा अंशांनी ओढून सोडला तर त्याचा आवर्तकाल पुस्तकातल्या सूत्रापेक्षा सुमारे ०.१९ टक्क्याने जास्त भरतो, कारण ते सूत्र अगदी लहान कोनांसाठीच आहे. त्यामुळे उत्तर जवळजवळ ०.०४ ने कमी येतं. शंभर दोलनं चार वेळा मोजण्याची मेहनत घेणाऱ्याला हा फरक स्पष्ट दिसतो. निष्काळजीपणे मोजणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. मापन सुधारलं की सूत्राची मर्यादा दिसू लागते, आणि विज्ञान नेमकं असंच पुढे गेलं आहे. दोरा आणि गोळा यांच्यावर एका मुलाला ते स्वतः अनुभवता येतं. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. लागतात ते दोन मोकळे तास, आणि तुझं उत्तर वेगळं का आलं ते शोध म्हणून सांगणारा शिक्षक.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नेमकं हेच करून पाहिलं गेलं. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना दहा अंश आणि वीस अंश अशा दोन कोनांवरून लंबक सोडून आवर्तकालांची तुलना करायला सांगितली. दोन्हींत फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो. मुलांना सूचना एवढीच होती की तुलना करा, काय दिसलं त्यावर निर्णय घ्या, मापन सुधारा आणि पुन्हा तुलना करा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या तुलनेत ही मुलं आपणहून प्रयोगाची पद्धत सुधारण्याची शक्यता बारा पट होती. सूत्राची किंवा प्रतिमानाची मर्यादा ओळखून तिचं कारण सांगण्याची शक्यता चौपट होती. पुढच्या वर्षीच्या वेगळ्या प्रयोगांतही ही सवय टिकलेली दिसली.

होम्स आणि वीमन यांनी २०१८ साली आणखी एक गोष्ट मांडली. तीन संस्थांमधल्या नऊ अभ्यासक्रमांत त्यांनी पाहिलं, की वर्गात शिकवलेलं पक्कं व्हावं म्हणून जे प्रयोग घेतले जातात, त्यांचा परीक्षेतल्या समजेवर मोजता येईल असा काही परिणाम होत नाही. ही माहिती आपल्याकडच्या प्रत्येक अभ्यास मंडळाच्या टेबलावर असायला हवी. आपली प्रात्यक्षिकं बहुतांशी याच हेतूने बेतलेली आहेत. न्यूटनची वलयं घ्या, सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर आली का बघा, पुढची बॅच. ज्या कामासाठी आपण प्रयोग घेतो ते काम त्यांतून होत नाही, आणि जे काम फक्त प्रयोगच करू शकतो ते आपण त्यांना करू देत नाही.

प्रामाणिकपणा ही शिकवण्याची गोष्ट आहे

रीडिंग बसवण्याला आपण विद्यार्थ्यांची लबाडी म्हणतो आणि सोडून देतो. पण हा मोह थोरामोठ्यांनाही होतो आणि विज्ञानाला त्याची किंमत मोजावी लागते. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला. हा प्रयोग आजही पदवीच्या प्रयोगशाळांत केला जातो. १९१३ साली त्याने दिलेली किंमत आजच्या किमतीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक कमी होती, कारण हवेच्या श्यानतेसाठी वापरलेला आकडा चुकीचा होता. चूक होणं स्वाभाविक होतं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात लक्ष वेधलं ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीकडे. पुढच्या संशोधकांची उत्तरं एकदम योग्य किमतीवर गेली नाहीत. ती हळूहळू वर सरकत गेली. ज्यांचं उत्तर मिलिकनपेक्षा बरंच जास्त आलं, ते आपली चूक शोधत बसले. ज्यांचं जवळपास आलं, त्यांनी तेवढं खोदून पाहिलं नाही.

यावरचा उपाय विज्ञानाने स्वतःच शोधला आणि त्याचा धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पात २०१० च्या सप्टेंबरमध्ये एक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी काही महिने त्याचं विश्लेषण केलं आणि शोधनिबंधही लिहून तयार केला. २०११ च्या मार्चमध्ये सगळ्यांसमोर सत्य उघड झालं: तो संकेत मोजक्या लोकांनी मुद्दाम, गुपचूप घातलेला होता. आपली यंत्रणा आणि आपली माणसं खरं-खोटं नीट पारखतात का, याची ती परीक्षा होती. एवढी शिस्त अंगी बाणलेली असल्यामुळेच १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली तेव्हा जगाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या कामात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांच्यासारख्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरच्या भुजांची तशीच वेधशाळा उभारायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली त्याला मंजुरी दिली. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल तिथे टिपायची आहे. हिंगोली, परभणी, नांदेडच्या मुलांनी तिथे मानाने काम करावं असं वाटत असेल, तर त्यांच्या पहिल्या जर्नलापासून खाडाखोड न करण्याची सवय लावायला हवी. आपलं रीडिंग पेनाने लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला कारण लिहायचं, आणि विचित्र आलेलं उत्तर तसंच ठेवून त्यावर चार ओळी लिहायच्या. हे संस्कार एमएस्सीत किंवा पीएचडीत लावू म्हटलं तर फार उशीर झालेला असतो.

अंदाज बांधता आला पाहिजे

दुसरी कमाई अंदाजाची. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर चार ओळींत एखाद्या दाव्याचा निकाल लावता आला पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्यावर छोटी टर्बाइन बसवा आणि घरातलं वीजबिल शून्य करा, असे व्हिडिओ फिरत असतात. चार मजली इमारतीची उंची बारा मीटर धरू. टाकी एक हजार लिटरची. वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची केलं की सव्वा लाखाच्याही आत, १ लाख १८ हजार ज्यूल मिळतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे अख्खी टाकी रिकामी केली तरी एका युनिटचा तिसावा भाग हाती येतो, आणि तोही काहीच वाया गेलं नाही तर. नऊ वॉटचा एक एलईडी दिवा त्यावर साडेतीन तास चालेल. शिवाय ते पाणी वर चढवायला पंपाने याहून जास्त वीज खाल्लेली असते.

हेच सूत्र घेऊन कोयनेला जा. शिवसागरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला सुमारे ४७५ मीटर खाली उतरतं. तिथे त्याच हजार लिटरांत सुमारे १.३ युनिट ऊर्जा असते. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. त्यातून साडेतीन कोटी युनिटांहून अधिक ऊर्जा मिळण्याजोगी असते. गच्चीवर जे फसतं ते कोयनेला का जमतं, हे उंची आणि पाण्याचं प्रमाण या दोन आकड्यांनी स्पष्ट होतं. ज्याने हे एकदा स्वतः करून पाहिलं, त्याला पाण्यावर चालणारी गाडी कुणी विकू शकणार नाही. पुढे तो बँकेत गेला, पंचायत समितीत गेला किंवा शाळेत शिकवायला लागला, तरी ही नजर त्याच्या कामी येईल आणि त्याच्या गावाच्याही.

थोड्या कल्पना, पण पक्क्या

अभ्यासक्रमाची यादी मोठी असते. दहा वर्षांनी त्यातलं फार थोडं लक्षात राहणार, हे धरूनच चालायला हवं. राहायला हव्यात त्या मोजक्या कल्पना: अक्षय्यतेचे नियम, क्षेत्र, तरंग, संभाव्यता आणि दोलक. दोलकाचंच समीकरण घ्या. लंबकाला ते लागू पडतं, रेडिओचं स्टेशन पकडणाऱ्या विद्युतमंडलाला लागू पडतं, रेणूंच्या कंपनांना पडतं आणि भूकंपात हलणाऱ्या इमारतीलाही पडतं. साधारण हिशेबाने इमारतीचा स्वाभाविक आवर्तकाल मजल्यामागे ०.१ सेकंद असतो. दहा मजली इमारत सेकंदाला एकदा डोलते. जमिनीची हालचाल त्याच लयीत झाली तर धोका वाढतो. यामिकी, विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम यामिकी असे तीन पेपर देऊनही ही तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे हे मुलाच्या ध्यानात आलं नसेल, तर त्याच्या पदरात तीन पुस्तकं पडली, विषय पडला नाही.

त्याच्या जोडीला हाताची कामं. सोल्डरिंग, मल्टिमीटर, बिघडलेल्या सर्किटमधला दोष टप्प्याटप्प्याने शोधणं. संगणकाची कामं: पायथॉनमध्ये पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहून मोठ्या कोनाच्या लंबकाचं समीकरण सोडवणं, आलेख काढणं, त्यावर अनिश्चिततेच्या रेघा दाखवणं. आणि लिहिण्याची कामं. अमेरिकेतल्या पदार्थविज्ञान शिक्षकांच्या संघटनेने २०१४ साली पदवीच्या प्रयोगशाळांसाठी जी सहा उद्दिष्टं मान्य केली, त्यांत प्रयोगाची आखणी, प्रतिमान आणि विश्लेषण यांच्या बरोबरीने 'इतरांना समजावून सांगणं' हेही आहे. आपल्या मुलांनी हे इंग्रजीत करावंच. पण आपण काय केलं ते आईवडिलांना किंवा दहावीच्या वर्गाला मराठीत वीस मिनिटं सांगता आलं, तरच ते खरं समजलं असं मी मानते. या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून ते करते आहे, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या भा. मा. उदगावकरांसारख्या सैद्धांतिक शास्त्रज्ञाने शाळेतल्या विज्ञानशिक्षणासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली.

दारं उघडी आहेत

कॉलेजात काही नाही, ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. शिक्षकांची पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर काम चालतं, उपकरणं जुनी आहेत. तरीही हाताशी असलेल्या काही गोष्टी मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, याचं दुःख जास्त आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा उपक्रम चालतो. त्यात मुलांना शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करता येतात. पुण्यात आयुका आणि एनसीआरए मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरवतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं. डॉ. डी. पी. खंडेलवाल यांनी १९८४ साली सुरू केलेली भारतीय भौतिकी शिक्षक संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा घेते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तयार झालेलं 'एक्सपआइज' नावाचं छोटं उपकरण संगणकाला जोडलं की ऑसिलोस्कोपपासून सिग्नल जनरेटरपर्यंतची बरीच कामं करतं, आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली आहे. आखेनच्या विद्यापीठाने २०१६ साली आणलेलं 'फायफॉक्स' हे मोफत अॅप खिशातल्या मोबाइलचे सेन्सर प्रयोगासाठी वापरू देतं. मोबाइललाच लंबक करून त्याचा आवर्तकाल मोजता येतो. बोटाची चूक तिथे उरतच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने चौथं वर्ष आणलं आणि त्याबरोबर फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक दिले. ही मोठी संधी आहे. पण इंटरनेटवरून उतरवून बाइंडिंग केलेला प्रकल्प आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र यांवर हे श्रेयांक मिळू लागले, तर आपण एक वर्ष आणि मुलांचा विश्वास दोन्ही वाया घालवू. गावच्या विहिरीच्या पाण्याची पातळी, एसटीच्या इंजिनाचा आवाज, शाळेच्या छतावरच्या सौर पॅनेलवर धूळ बसल्याने घटणारी वीज, यांतलं काहीही सहा महिने नीट मोजलं, अनिश्चिततेसह मांडलं, तर तो पदवीला शोभणारा प्रकल्प आहे.

पदार्थविज्ञान घेतलेली बहुतेक मुलं पदार्थवैज्ञानिक होणार नाहीत. कुणी बीएड करतील, कुणी स्पर्धा परीक्षा देतील, कुणी सॉफ्टवेअरमध्ये किंवा घरच्या धंद्यात जातील. त्यात कमीपणा काही नाही. म्हणूनच पदवीने त्यांना कुठेही उपयोगी पडेल अशी गोष्ट द्यायला हवी, आणि ती द्यायची तर गुण कशाला मिळतात ते बदलावं लागेल. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती एवढीच आहे: प्रात्यक्षिक परीक्षेतले निम्मे गुण अनिश्चिततेच्या हिशेबाला आणि उत्तर वेगळं का आलं याच्या स्पष्टीकरणाला ठेवा. 'अपेक्षित उत्तर आलं' याला एकही गुण देऊ नका. एक्स्टर्नलना तशी लेखी सूचना द्या. याला नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. येत्या सत्रापासून हे करता येईल.